नाना रंगारींचा चुकीचा शब्द

गाता गाता एखादा शब्द आठवला नाही, तर नाना रंगारी थांबत. दुसरा कुणी गाणारा अशा वेळी मागची ओळ पुन्हा घेतो, नाहीतर त्या मापाचा कुठलाही शब्द बसवून पुढे जातो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नाना मात्र डोळे मिटून उभे राहत. समोर दोनशे माणसं बसलेली असोत नाहीतर पाच. पेटीवर मी असे. एकच सूर माणसानं किती वेळ धरून ठेवायचा? भाता ओढून ओढून हात भरून येई, लोक खाकरायला लागत, मागे बायका आपापसांत बोलायला लागत, आणि नाना तसेच. शब्द आठवला की काही झालंच नाही अशा थाटात पुढची ओळ घेत. नाही आठवला, तर हात जोडून "एवढंच याद शे", म्हणजे एवढंच आठवतं, असं म्हणत आणि खाली बसत. अर्धं गाणं तसंच लोंबकळत राही आणि लोक माझ्याकडे पाहत, जणू दोष पेटीचा.

"अहो, काहीतरी घालायचं," मी एकदा वैतागून म्हणालो. "एका शब्दानं काय बिघडतं?"

"मास्तर," ते म्हणाले, "कापड लोकेस्नं शे, रंग मन्हा. कापड कापानं काम मन्हं नही."

धुळ्यात पांझरेच्या काठी त्यांचा रंगाचा धंदा होता. लुगडी, फेटे, पासोड्या रंगवून द्यायचे. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे, आणि नखांत तो निळा कायमचा बसलेला. मी तेव्हा एका खासगी शाळेत मास्तर होतो, पेटी बरी वाजवत होतो, आणि गणपतीच्या मेळ्यासाठी गाणी जुळवायचं काम माझ्याकडे होतं. मला आवाज हवा होता. नानांचा आवाज पहिल्यांदा मी नदीवर ऐकला. ओलं लुगडं पिळता पिळता ते गात होते. आवाज जाड, थोडा खरखरीत, पण असा सरळ येणारा की मी पूल ओलांडायचं विसरून कठड्याला टेकून उभा राहिलो. त्याच दिवशी त्यांना मेळ्यात घेतलं. पुढची दहाएक वर्षं त्यांच्याशी भांडण्यात गेली.

नानांनी स्वतः एकही गाणं रचलं नाही. त्यांच्याकडची सगळी गाणी दुसऱ्यांची होती. बाजाराच्या दिवशी गावोगाव कापड गोळा करायला जात, तिथे कुणी नवं काही गाताना दिसलं की त्याच्याजवळ बसत आणि पाठ करून घेत. मग गाणं म्हणायच्या आधी ते कुणाचं, हे सांगितल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. नुसतं नाव नाही, गाव, धंदा, आणि आता तो माणूस जिवंत आहे की नाही, तेही. एका लग्नात त्यांनी एक फार गोड गाणं म्हटलं. ते रचणारा माणूस चोरीच्या गुन्ह्यात सजा भोगून आलेला. यजमानांनी आधीच हळूच सांगून ठेवलं होतं, की नाना, आज शुभकार्य आहे, त्याचं नाव तेवढं घेऊ नका. नानांनी नाव घेतलं. यजमान तणतणत आले तेव्हा म्हणाले, "चोरी त्यानी करी व्हई. गानं चोरेल नही." जेवायला न बसता आम्ही दोघं परत आलो. त्या घरच्या पंक्तीत मांडे होते, हे मी कित्येक दिवस विसरलो नव्हतो.

आता त्या गाण्याबद्दल सांगतो.

चाळीसगाव जंक्शनवर मोतीराम नावाचा सांधेवाला होता. गाडी या रुळावरून त्या रुळावर घेण्यासाठी सांधा ओढणारा. तो गाणी रचायचा. लिहिता येत नव्हतं, डोक्यातच ठेवायचा. नाना एकदा एका व्यापाऱ्याचं कापड घेऊन येताना धुळ्याच्या गाडीसाठी तिथे खोळंबले आणि मोतीरामनं त्यांना फलाटाच्या टोकाला उभं राहून एक गाणं ऐकवलं. एक म्हातारी आई रोज स्टेशनवर येते, मुलगा मुंबईला गिरणीत गेलेला, गाड्या येतात आणि जातात, असं ते गाणं. प्रत्येक कडव्यानंतर एकच ओळ:

गाडी उनी, गाडी गयी, माय वाट दखस.

गाडी आली, गाडी गेली, आई वाट पाहते आहे. शेवटी ‘मोत्या सांधेवाला सांगस’ अशी रचणाऱ्याची खूण. नाना हे गाणं म्हणायला लागले आणि वर्षभरात ते सगळ्या मुलखात गेलं. गाडीवान गायचे, कापसाच्या जिनमध्ये सरकी वेचणाऱ्या बायका गायच्या. खान्देशात असं घर क्वचितच होतं, ज्यातला कुणी ना कुणी मुंबईला, सुरतेला गेलेला नव्हता. नानांनी ‘दखस’वर आवाज लांबवला की मी पेटीचा भाता जवळजवळ मिटून टाकायचो. तिथे सुराची गरज नसे. लोक पदरानं, उपरण्यानं डोळे पुसत.

त्या दिवसांत मेळ्यांत देशाची गाणी हवी असत. आमच्याकडे चांगली नव्हती. मी लिहिलेली होती, पण ती लोक सभ्यपणे ऐकून घेत. मला सुचलं, की या गाण्यात फार काही करायला नको. आईच्या जागी भारतमाय घातली, मुंबईच्या गिरणीच्या जागी तुरुंग घातला, की झालं. भारतमाय आपल्या तुरुंगातल्या लेकरांची वाट पाहते आहे. मी चार कडवी जुळवून नानांना वाचून दाखवली. मला स्वतःला ती फार आवडली होती.

नाना ऐकत राहिले. मग म्हणाले, "मोतीरामले विचारं का?"

"त्यात विचारायचं काय? गाणं देशाच्या कामाला येतंय. त्याला आनंदच होईल."

"मंग विचाराले काय हरकत शे?"

हे असं होतं. ते वाद घालत नसत. एक साधा प्रश्न विचारून गप्प बसत आणि आपण एकटेच बडबडत राहत असू. शेवटी एका रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही चाळीसगावला गेलो. माझी एक सुट्टी वाया जाणार म्हणून मी वाटभर चिडलेला होतो.

मोतीराम यार्डातल्या केबिनजवळ भेटला. काखेत गुंडाळलेलं तांबडं आणि हिरवं निशाण, अंगानं किरकोळ, बोलणं अगदी हळू. पुढची गाडी यायला वेळ होता. मी विषय काढला. तो म्हणाला, "पयले गानं तर ऐकू. नानाना तोंडथून मी कधी ऐकेल नही." त्याची कायम ड्युटी, नानांचे कार्यक्रम धुळ्यात. खरंच त्यानं ते नानांकडून कधी ऐकलं नव्हतं.

नाना उभ्या उभ्या गायले. पेटी नव्हती, काही नव्हतं. ‘दखस’ला त्यांनी नेहमीसारखा आवाज लांबवला. मोतीराम शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि मग त्यानं अगदी सहज विचारलं, "भाऊ, तो शेवटना शब्द तू कोठून आना?"

"कोनता?"

"वाट दखस. मी तर ‘वाट इसरनी’ सांगेल व्हतं." आई वाट पाहणं विसरली.

नानांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. त्यांना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकतंय. मग दोघांनी मिळून आठवलं. त्या दिवशी मोतीराम गात असताना बाजूच्या रुळावरच्या इंजिनानं वाफ सोडली होती आणि शेवटचा शब्द तिच्यात गेला. नानांनी कडवी दोनदोनदा म्हणवून घेतली, पण कडव्यामागची ती ओळ मोतीराम दर वेळी अर्ध्यावरच सोडी, आणि नानांनी ती पुन्हा विचारली नाही. आई स्टेशनवर उभी आहे, मुलगा गेलाय, मग ती काय करणार? वाट पाहणार. इतकं उघड होतं की विचारायची गरजच वाटली नाही.

मग मोतीरामनं त्या म्हातारीचं सांगितलं. ती खरीच होती. स्टेशनामागच्या वस्तीत राहायची आणि मुंबईकडून गाडी आली की येऊन उभी राहायची. अशी वर्षं गेली. एक दिवस तिनंच मोतीरामला विचारलं, "भाऊ, मी आठे कसाले येस रे?" मी इथं कशाला येते? मोतीराम म्हणाला, माय, तुन्हा आंडोर येनार शे ना, मुलगा येणार आहे ना. ती हसली. म्हणाली, "काहीतरीच. मी बोरं विकाले येस." आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच टोपलीत बोरं घेऊन आली. दोन वर्षं तिनं फलाटावर बोरं विकली, प्रवाशांशी भाव करता करता हसायची.

"ती सुटनी, भाऊ," मोतीराम म्हणाला. "म्हनीसन मी गानं करं. तू तिले परत फलाटवर उभी करी दिधी."

मी मधे पडलो. म्हणालो, मोतीराम, लोकांना तोच शब्द आवडतो. तुझ्याही कानावर आलाच असेल. मग इतक्या दिवसांत कुणाला बोलला का नाहीस?

"आयकेल शे ना. गाडीमा बठेल लोके गातंस. मी सांगाले जास तवलोंग गाडी निंघी जास."

सांगायला जाईपर्यंत गाडी निघून जाते. तक्रारीचा सूरही नव्हता त्यात. माझा भारतमायचा कागद खिशातच राहिला. ‘भारतमाय वाट इसरनी’ असं गाणं घेऊन मेळ्यात कोण उभं राहणार? परतीच्या गाडीत नाना खिडकीबाहेर पाहत होते. शिरूड स्टेशन गेल्यावर एवढंच म्हणाले, "चार वरीस मी खोटं गायनू, मास्तर."

मी म्हणालो, "नाना, तुमचा शब्द जास्त चांगला आहे." आणि ते खरं आहे, असं मला तेव्हा वाटत होतं. आजही एखाद्या दिवशी वाटतं.

त्या वर्षीच्या मेळ्यात, पहिल्याच संध्याकाळी, लोकांनी ते गाणं मागितलं. नानांनी आधी मोतीरामचं नाव सांगितलं, इंजिनाच्या वाफेचं सांगितलं, आपली चूक सांगितली, आणि ‘वाट इसरनी’ म्हणून गाणं म्हटलं. मैदानात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "नाना, चुकलं."

"चुकत व्हतं," नाना म्हणाले. "आते बराबर शे."

लोकांना ते पटलं नाही. पुढची गाणी पडली. मला रात्री झोप आली नाही, इतका संताप आला होता. दुसऱ्या दिवशी मी माझी चार कडवी धुळ्याच्या गिरणीतल्या एका गोड गळ्याच्या कारकुनाला पढवली आणि संध्याकाळी त्यानं भारतमाय वाट दखस म्हटलं. मैदान उठून उभं राहिलं. शेवटची ‘मोत्या सांधेवाला सांगस’ ही ओळ मी मुद्दाम तशीच ठेवली होती. नानांना दाखवायचं होतं, की बघा, मी रचणाऱ्याचं नाव खाल्लं नाही.

नाना मंडपाच्या बाहेर उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "शब्द तुमना आनि नाव त्यान्हं?" आणि निघून गेले. मेळ्यात परत आले नाहीत. मी म्हटलं, जाऊ दे. इतक्या चिकित्सेचा माणूस घेऊन कुठलं सार्वजनिक काम होत नाही.

त्यानंतर त्यांनी जे आरंभलं, ते पाहून मला हसावं की रडावं कळेना. बाजाराला जात त्या त्या गावी आपण पसरवलेला शब्द ते मागे घेऊ लागले. धुळे, सोनगीर, नरडाणा, अमळनेर, पार जळगावपर्यंत. कुणी गाताना ऐकू आलं की थांबून सांगायचे, की बाबा, तो शब्द चुकीचा शे, मन्ही चूक शे, असं असं शे. गाडीवान हो हो म्हणत आणि वळणावरून पुढे गेले की जुनंच गात. एकानं तर त्यांना तोंडावर सांगितलं, की तुला येत नाही, आम्ही हे नाना रंगारींकडून शिकलोय.

नरडाण्याच्या बाजारात मात्र वेगळं झालं. एक बाई मिरच्या निवडत ते गाणं गुणगुणत होती. नानांनी नेहमीप्रमाणे सांगितलं. तिनं हात थांबवून सगळं ऐकून घेतलं, म्हातारीचं, बोरांचं. तिचा मुलगा लढाईवर गेला होता, पलटणीतून वर्षभर पत्र नव्हतं. ती म्हणाली, "त्यान्ही माय इसरनी व्हई. मी नही इसरनी. मंग मी काय गाऊ?"

हे नानांनी मला शाळेच्या पायरीवर बसून सांगितलं. मेळा सोडल्यानंतर ते पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. चार-पाच दिवस त्यांनी यावर विचार केला होता म्हणे. "तिले गाऊ द्यानं," ते म्हणाले. "तिन्हं दुख तिन्हं शे. पन मंग मोत्यानं नाव नही लावानं. शब्द बदला, ते नाव काढा. नाव ठेवनं, ते शब्द ठेवा." शब्द बदलला तर नाव काढायचं, नाव ठेवायचं तर शब्दही ठेवायचा.

मला हसू आलं. "नाना, लोक गाणं म्हणतात. ते काय दस्तऐवज करतात?"

पुढच्या बाजारी ते तिला पुन्हा भेटले. तिनं शेवटची ओळ बदलली. ‘मोत्या सांधेवाला सांगस’च्या जागी ‘मिरचीवाली सांगस’ म्हणायला लागली. सगळ्या खान्देशात नानांचं ऐकणारी ती एकटी. नाना त्यावर इतके खूश होते की मला त्यांची दया आली.

बेचाळीस साली माझं गाणं मिरवणुकांत शिरलं. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. घोळक्यातून जाताना ‘भारतमाय वाट दखस’ ऐकू आलं की मी पाऊल हळू टाकायचो. रुळांजवळ गडबडी सुरू झाल्या तेव्हा पोलिसांनी गाण्यांचीही चौकशी सुरू केली, आणि या गाण्याला तर कर्त्याचं नाव, धंदा सगळं जोडलेलं होतं. सरकारी गाड्यांचा सांधा ज्याच्या हातात, तो माणूस तुरुंगातल्या लेकरांची गाणी रचतो. मोतीरामला बोलावणं आलं.

एका गार्डानं हा निरोप धुळ्याला आणला. नाना मधल्या सुट्टीत शाळेत आले. हात ओले होते, तसेच काम टाकून आलेले. म्हणाले, "मास्तर, चला. तुमना शब्द शेत, सांगी देऊ."

मी म्हणालो, नाना, मला हेडमास्तरांना विचारावं लागेल. घरी मुलं आहेत. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. रागानं नाही. शब्द आठवत नसला की ते जसे थांबत, तसे थांबले, आणि मग स्टेशनाकडे चालू लागले.

उद्याच्या गाडीनं मी गेलो नाही. परवाच्या गेलो. मोतीराम केबिनजवळच होता, पण अंगावर रेल्वेचे कपडे नव्हते. त्यानं मला ओळखलं. काय झालं ते त्यानंच सांगितलं. नानांनी अंमलदारासमोर मूळ गाणं शेवटच्या शब्दासकट सगळं म्हणून दाखवलं, बोरं विकणाऱ्या म्हातारीचंही सांगितलं. हे मोतीरामचं, म्हणाले. यात भारत नाही, तुरुंग नाही. अंमलदारानं विचारलं, मग भारत कुणाचा? तुझा?

"नही."

"मग कुणाचा?"

"ज्यान्हा शे तो उना ते सांगी." ज्याचा असेल तो आला तर सांगेल.

नाव विचारलं, नाव सांगेनात. मारहाण झाली की नाही, हे मोतीरामनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मोतीरामला सोडलं, दूरच्या कुठल्याशा स्टेशनावर बदली केली. नानांना ठेवून घेतलं.

"कचेरी तठे शे," मोतीराम म्हणाला आणि हातानं दिशा दाखवली. मी त्या दिशेला थोडा चाललो. मग धुळ्याची गाडी लागलेली दिसली, तीत जाऊन बसलो.

नाना काही महिने आत होते. मला त्यांचा राग येत असे, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. त्यांनी माझं नाव सांगितलं असतं तर एकदाचं काय ते झालं असतं. त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं असतं, खोटं बोलले असते, तरी मी त्यांचे उपकार मानून मोकळा झालो असतो. त्यांनी दोन्ही केलं नाही. जागा रिकामी ठेवली आणि तिच्यात जाऊन उभं राहायचं काम माझ्यावर सोडलं. मी गेलो नाही.

सुटून आले ते छातीचं दुखणं घेऊनच. रंगाचं काम झेपेना, म्हणून जळगावला मुलीकडे जाऊन राहिले. मी भेटायला गेलो ते पार सत्तेचाळीसच्या सुरुवातीला, तेव्हा बाजेवर बसून ते नातीला गाणं शिकवत होते. माझ्याकडे पाहून, काल भेटल्यासारखे, "या मास्तर" म्हणाले. मुलीला चहा टाकायला सांगितलं. मी दोन-तीनदा सुरुवात करायचा प्रयत्न केला. शेवटी म्हटलं, "नाना, मी त्या दिवशी चाळीसगावला आलो होतो. परवाच्या गाडीनं."

"मोत्यानी सांगेल शे, बदलीवर जावाना पयले कचेरीमा भेटाले उना व्हता," ते म्हणाले. "बरं करं, भेटी गयात त्याले."

एवढंच. मला त्यांनी शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. त्याऐवजी त्यांनी पडवळाच्या भाजीचं विचारलं, आमच्या घरी करतात तशी इथे होत नाही म्हणून. निघताना मी म्हटलं, आता आपलं राज्य येतंय असं सगळे म्हणतात, त्या दिवशी मी तुमचं खरं गाणं म्हणवून घेईन, इसरनीवालं. ते म्हणाले, "मन्हं नही. मोत्यानं. त्याले विचारीसन मंग."

मी मोतीरामचा शोध केला. चाळीसगावला कुणाला नीट सांगता येईना. एक म्हणे भुसावळकडे, एक म्हणे नोकरी सोडून गावी गेला, गाव कुठलं ते ठाऊक नाही. नाना त्या उन्हाळ्यातच गेले. झेंडा चढला त्या दिवशी धुळ्याच्या मैदानात लोकांनी भारतमाय वाट दखस मागितलं. मी पेटीवर होतो. नाही म्हणायला हवं होतं, निदान दोन शब्द सांगायला हवे होते. इतक्या आनंदात माणसं उभी होती. मी वाजवलं.

दिवाळीनंतर पुण्याहून एका गृहस्थांनी छापलेलं स्वातंत्र्यगीतांचं एक पुस्तक शाळेत आलं. त्यात ते गाणं होतं. भारतमाय, तुरुंग, माझी चारही कडवी. शेवटची मोत्याची ओळ गाळलेली, आणि खाली बारीक अक्षरात ‘लोकगीत, खान्देश’. मी संपादकांना पत्र लिहिलं, की याला कर्ता आहे. त्यांचं उत्तर आलं, मोठं अदबशीर. अशा गीतांना कुणी एक कर्ता नसतो, लोक हाच त्यांचा कर्ता, असं त्यांनी मला समजावून सांगितलं होतं.

ते वाचून मी घरात येरझाऱ्या घालत राहिलो. लोक म्हणजे कोण? मी या लोकांना नावानं ओळखत होतो. पुन्हा कागद घेतला आणि सगळं लिहून काढलं. मूळ गाणं मोतीरामचं, चाळीसगावचा सांधेवाला, जिवंत असल्यास पत्ता माहीत नाही. ‘मिरचीवाली सांगस’ हा पाठ नरडाण्याच्या बाजारातल्या एका बाईचा, नाव विचारायचं राहून गेलं. ‘भारत’ आणि ‘तुरुंग’ माझे. जे अंमलदारापुढे सांगायचं होतं, ते मी पाच वर्षांनी, काही धोका उरला नसताना, पुण्याच्या एका अनोळखी माणसाला सांगत होतो.

मग ‘वाट दखस’पाशी अडलो. ज्या शब्दावर मैदानं रडली, तो ना मोतीरामचा, ना लोकांचा, ना माझा. त्याच्यापुढे मी ‘नाना रंगारी, धुळे’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं. जन्मभर ज्यानं दुसऱ्याच्या गाण्यात स्वतःचं अक्षर घातलं नाही, त्याचं नाव गाण्यात राहणार ते एका चुकीमुळे. त्यांना हे आवडलं नसतं. मग वाटलं, नसतं आवडलं, पण नाकारलंही नसतं. मी पुन्हा लिहिलं: ‘दखस’ हा शब्द नाना रंगारी, धुळे, यांचा. ऐकण्यात चूक झाली. चूक त्यांची होती आणि त्यांनी ती कधी दुसऱ्याच्या नावावर घातली नाही.